कोणता गोंधळ, टीचर?

मयूराचं कॉलेज बंद पडलं त्याला वर्ष होत आलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमधल्या त्या छोट्या खाजगी कॉलेजात ती परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवायची. कोविड आला, सीमा बंद झाल्या, नवे विद्यार्थी येईनात आणि जुने एकेक करून आपापल्या देशी परतले. शेवटी प्रिन्सिपॉलबाईंनी सगळ्या शिक्षकांना झूमवर बोलावलं, डोळे पुसले आणि कॉलेजला कुलूप लावलं. मयूराच्या नवऱ्याची, यतिनची, पोर्ट केम्ब्लाच्या स्टीलच्या कारखान्यातली नोकरी शाबूत होती म्हणून घर चाललं होतं. पण इतकी वर्षं रोज वर्गात उभं राहिलेल्या बाईला घरात बसून करमतं थोडंच! तिने लायब्ररीच्या बोर्डावर एक कागद डकवला. इंग्रजी शिकवते, घरी या. त्या कागदावरून फोन करणारी पहिली, आणि बरेच दिवस एकटीच, विद्यार्थिनी म्हणजे युनजू.

युनजू दक्षिण कोरियातल्या बुसानची. वयाने मयूरापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, ठेंगणी, केस कानापर्यंत कापलेले, चालणं भरभर. बुसानच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिने जवळजवळ वीस वर्षं आयसीयूत नर्स म्हणून काढली होती. मग नवऱ्याला इकडे वेल्डिंगचं काम मिळालं आणि संसार उचलून ती ऑस्ट्रेलियात आली. इथे नर्स व्हायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा. लिहिणं-वाचणं तिला जमायचं, पण बोलण्याच्या पेपरात ती दोनदा नापास झाली होती. तोवर एका वृद्धाश्रमात आजी-आजोबांना आंघोळ घालायची, भरवायचं, फिरवून आणायचं, असं काम ती करत होती.

"तिथे मी फार गप्प असते, टीचर," पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं. "एखाद्या आजीचे पाय सुजलेले मला दिसतात. नर्सला सांगायचं असतं. पण डोक्यात वाक्य जुळवेपर्यंत नर्स पुढच्या खोलीत गेलेली असते."

मयूराने कितीदा सांगितलं, मला नावाने हाक मार, इथे सगळे तसंच करतात. पण युनजूच्या तोंडून ते कधी आलं नाही. शिकवणारी ती टीचर, मग ती वयाने लहान का असेना.

एप्रिल दोन हजार एकवीसमधली गोष्ट. वॉलॉंगॉंगमध्ये तेव्हा सगळं सुरळीत चालू होतं. कॅफे भरलेले, बीचवर माणसं, शनिवारी मैदानात मुलांच्या फुटीच्या, म्हणजे इथल्या रग्बीच्या, मॅचेस. आणि मयूराच्या फोनवर रोज पुण्याच्या बातम्या येत होत्या. शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर सकाळ उजाडली की कुणाला बेड हवा, कुणाला ऑक्सिजन, कुणाच्या नावापुढे हात जोडलेले. दूध आणायला बाहेर पडावं तर शेजारचा आजोबा हसून "लव्हली डे, डार्ल" म्हणायचा आणि काय उत्तर द्यावं ते तिला सुचायचं नाही. जायची सोय नव्हती. देशाबाहेर पडायला सरकारची परवानगी लागत होती, आणि गेलं तर परत येता येईल याची खात्री नव्हती.

पुण्यात सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये तिचे बाबा एकटेच राहत. दत्तात्रय त्यांचं नाव. शहात्तर वर्षांचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त, शिस्तीचे. आई गेल्यापासून मयूरा त्यांना रोज व्हिडिओ कॉल करायची. बाबा घराबाहेर पाऊल टाकत नव्हते, दारातून दूध घेतानाही मास्क लावत होते. त्यामुळे त्यांच्या बाबतीत तरी ती बरीचशी निश्चिंत होती.

त्या मंगळवारी दुपारी युनजू नेहमीप्रमाणे वेळेवर आली. बूट दारात नीट जुळवून ठेवले, डायनिंग टेबलाशी बसली आणि बसल्याबसल्या म्हणाली, "टीचर, आज ट्रेन बदलली. प्लॅटफॉर्म बदलला. आय ॲम कन्फ्युजिंग."

मयूराला हसू आलं. "युनजू, कन्फ्युजिंग म्हणजे तू बाकीच्यांना गोंधळात टाकतेस."

"ते पण खरं आहे," युनजू गंभीरपणे म्हणाली. "माझा नवरा तसंच म्हणतो."

मग दोघीही हसल्या, आणि त्या दिवशीचा धडा आपोआपच ठरला. मयूराने पुस्तक मिटलं. कन्फ्यूज हे क्रियापद घेऊन तिने वाक्यं करायला सुरुवात केली. प्लॅटफॉर्मने तुला कन्फ्यूज केलं, म्हणून प्लॅटफॉर्म कन्फ्युजिंग आणि तू कन्फ्यूज्ड. जो करतो त्याला एक रूप, ज्याच्यावर बेततं त्याला दुसरं. युनजूने दोन-तीनदा प्रयत्न केला, दोन-तीनदा उलटं केलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आमच्याकडे एकच शब्द आहे ना. हेत्कल्लिदा. रस्ता पण हेत्कल्लिदा, मी पण हेत्कल्लिदा. कोण कुणाला करतंय ते कोणी विचारतच नाही."

"आमच्या मराठीत विचारतात," मयूरा म्हणाली. "मी गोंधळते. तू मला गोंधळवतेस. एवढ्याशा 'व'ने काम होतं."

युनजूला हे फारच आवडलं. "कोन्दल," ती म्हणून बघू लागली. "कोन्दळ. गोंदळ." मग थांबून म्हणाली, "आमच्या होन्दोनसारखं ऐकू येतं."

"हा आणखी कोणता शब्द?"

"तो वेगळा, टीचर. तो हॉस्पिटलातला." युनजू जरा सावरून बसली. नर्सिंगचा विषय निघाला की तिचं इंग्रजीही ताठ बसायचं, हे मयूराने आधी पाहिलं होतं. "हेत्कल्लिदा म्हणजे दोन जुळे भाऊ आहेत, मला कळत नाही कोण कुठला. दोन गोळ्या एकाच रंगाच्या आहेत. माझं डोकं ठीक आहे, वस्तू सारख्या आहेत. पण होन्दोन म्हणजे पेशंटचं डोकंच ठीक नाही. सकाळी होता, संध्याकाळी नाही. आतमध्ये धुकं. इंग्रजीत दोन्हीला कन्फ्यूज्ड म्हणतात. हे बरोबर नाही."

"नाही खरं," मयूराने कबूल केलं. मग घड्याळाकडे पाहून ती पुढच्या रचनेवर आली. एका माणसाला चुकून दुसराच समजणं, तिथेही हेच क्रियापद. उदाहरण द्यायला हवं होतं. आदल्या दिवशीचीच गोष्ट तिच्या तोंडात आली. ती म्हणाली, "यस्टरडे माय फादर कन्फ्यूज्ड मी विथ हिज सिस्टर."

युनजूने पेन्सिल खाली ठेवली. "हे खरं आहे, टीचर, की पुस्तकातलं?"

"खरंच. काल फोनवर मला मंजू म्हणाले. मंजिरी माझी आत्या. माझा चेहरा तिच्यासारखाच आहे, सगळे म्हणतात."

"याआधी कधी म्हणाले होते?"

"नाही." मयूरा अजून हसतच होती. "वय झालं आता त्यांचं, युनजू."

"वय काल झालं का?"

तो प्रश्न ऐकून मयूराचं हसू ओठातच राहिलं. युनजू टेबलावर पुढे झुकली होती. आवाज हळू, पण एरवीचं चाचपडणं त्यात नव्हतं. "कोणता गोंधळ, टीचर? हेत्कल्लिदा, की होन्दोन?"

"त्यांना ताप नाही. खोकला नाही. मी रोज विचारते."

"जेवतात?"

मयूराला आठवलं. परवापासून बाबा पोळी नको म्हणत होते. पुठ्ठ्यासारखी लागते म्हणाले होते, आणि तिने पोळीवाल्या बाईंच्या कणकेला नावं ठेवली होती. ती हे सांगू लागली आणि वाक्य पूर्ण होण्याआधीच तिला स्वतःलाच ते ऐकू आलं.

"फोन लावा," युनजू म्हणाली. "व्हिडिओ. आत्ता."

पुण्यात सकाळचे साडेनऊ झाले असतील. बराच वेळ रिंग वाजत राहिली. मग बाबांचं कपाळ, पंखा, पुन्हा कपाळ असं दिसलं, आणि एकदाचा चेहरा आला. दाढी केलेली नव्हती. बाबांनी दाढी केली नाही असा दिवस मयूराला आठवत नव्हता.

"बाबा, कसे आहात?"

"मला काय धाड भरलीय? बरा आहे मी." ते चिडल्यासारखे बोलले. मग पडद्याकडे निरखून बघत म्हणाले, "मंजू, आईला सांग पाणी आलंय म्हणून. पिंप भरून घ्या म्हणावं."

त्यांची आई जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

युनजूने खुर्ची मयूराच्या शेजारी ओढली, तिचं मनगट धरून फोन स्थिर केला आणि ती पडद्याकडे बघत राहिली. बाबा काय बोलतायत ते तिला कळत नव्हतं, आणि त्याची तिला गरजही नव्हती. "त्यांना खिडकीकडे तोंड करायला सांगा," ती म्हणाली. बाबा कुरकुरत वळले. युनजूने त्यांचे ओठ पाहिले, मग सदऱ्याची वर-खाली होणारी बटणं. आपल्या घड्याळाच्या काट्याकडे बघत ती मनातल्या मनात मोजत होती.

"श्वास जोरात आहे. त्यांना कळत नाहीये की जोरात आहे," ती म्हणाली. "जवळ कोण आहे? बोटाला लावायचं मशीन कुणाकडे आहे?"

खालच्या मजल्यावर अजित राहत होता. बँकेत नोकरी, बायको आणि दोन मुलं घरात. सोसायटीने घेतलेला ऑक्सिमीटर त्याच्याकडेच असतो, हे मयूराला बाबांनीच कधीतरी सांगितलं होतं. तिने यतिनचा जुना फोन काढून त्यावरून अजितला कॉल केला. आपल्या घरात लहान मुलं आहेत, हा आजार दारात आलाय, हे सगळं माहीत असूनही त्या माणसाने एक शब्द विचारला नाही. "आलोच ताई," म्हणाला, आणि दोन मास्क चढवून तीन मिनिटांत बाबांच्या दारात.

बाबांनी त्याच्याशी आधी वाद घातला. मग बोट पुढे केलं. "चौऱ्याऐंशी," अजित म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला.

"हात गार असेल तर चूक दाखवतं. चोळा. दुसरं बोट," युनजू म्हणाली. मयूराने ते मराठीत सांगितलं. अजितने हात चोळला, दुसरं बोट लावलं. त्र्याऐंशी.

त्यानंतरचे दोन-तीन तास मयूराला पुढेही कधी सलग आठवले नाहीत, तुकड्या-तुकड्यांनीच आठवले. युनजू एकेक वाक्य सांगत होती आणि ती ते वाक्य मराठीत पलीकडे पोचवत होती. एवढंच तिला जमत होतं आणि तेवढंच तिच्याकडून मागितलं जात होतं. त्यांना पालथं झोपवा. छातीखाली उशी. खिडक्या उघडा. एकटं सोडू नका. पाणी घोट घोट. बीपीच्या गोळ्या कोणत्या घेतात, कधीपासून, लिहून गाडीत ठेवा. मध्येच मयूराला रडू फुटलं तेव्हा युनजू म्हणाली, "आत्ता नाही, टीचर. नंतर मी पण रडेन." आणि मयूरा थांबली.

बेड मिळणं ही त्या दिवसांतली सगळ्यात अवघड गोष्ट. अजित तिकडून फोन करत होता, मयूरा इकडून. मैत्रिणींच्या ग्रुपवर तिने लिहिलं, तर जिचा स्वतःचा दीर आठवड्यापूर्वी गेला होता त्या वीणाने तासाभरात सातारा रोडवरच्या एका लहान हॉस्पिटलचा नंबर पाठवला. ऑक्सिजनचा एक बेड दुपारी रिकामा होतोय, लगेच या. ॲम्ब्युलन्सची वाट बघायला अजित तयार नव्हता. त्याने बाबांना स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर घातलं, चारी काचा खाली केल्या आणि निघाला.

संध्याकाळी यतिन कारखान्यातून परतला तेव्हा त्याला दिसलं ते असं. टेबलावर तीन फोन, थंड झालेला चहा, आणि त्याची बायको एका कोरियन बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देतेय. ती बाईही रडत होती. त्याला वाटलं, सगळं संपलं. "बेड मिळाला," मयूरा कशीबशी म्हणाली. "ऑक्सिजन लागलाय."

बाबा बारा-तेरा दिवस हॉस्पिटलात होते. सुरुवातीचे दिवस कठीण गेले. पण व्हेंटिलेटर लागला नाही. तिथल्या डॉक्टरांना बोलायला दिवसातून दोन मिनिटंच मिळत, आणि त्या दोन मिनिटांत काय विचारायचं हे युनजू आधीच मयूराला पढवून ठेवायची. किती लिटरवर आहेत, कालपेक्षा कमी की जास्त, स्वतःच्या हाताने जेवले का. शिकवणीला आली की ती आधी ही उजळणी घ्यायची आणि मग वही उघडायची. येताना स्टीलच्या डब्यात गरम जुक आणायची. तांदळाची आटवलेली पेज, वरून थोडं तिळाचं तेल. पहिल्या घासाला मयूराला वाटलं, आपल्या आजारपणातला मऊ भातच हा, फक्त तुपाऐवजी तेल.

चौथ्या-पाचव्या दिवशी वॉर्डमधल्या मावशींनी व्हिडिओ कॉल लावून दिला. मास्कच्या वरून बाबांचे डोळे दिसत होते.

"मयू," बाबा म्हणाले, "इथला चहा म्हणजे शुद्ध फसवणूक आहे."

पडद्यापासून जरा बाजूला उभ्या असलेल्या युनजूने विचारलं, "काय म्हणाले?" मयूराने फक्त मान हलवली, आणि युनजू समजली.

बाबा घरी आले. महिनाभर अजितच्या बायकोने दोन्ही वेळचा डबा वर पाठवला. आता मयूराला एकच प्रश्न उरला. या माणसांचे आभार मानायचे कसे? अजितला तिने फोनवर म्हणायचा प्रयत्न केला तर तो म्हणाला, "ताई, माझे वडील गावी आहेत. त्यांच्याकडे कोणीतरी असंच धावून जाईल असं मी धरून चालतो."

युनजूला तिने समोर बसवून, अगदी ठरवून सांगितलं. "माझे बाबा तुझ्यामुळे आहेत. मी हे कुठे ठेवू मला कळत नाही."

युनजू म्हणाली, "टीचर, तीन वर्षं झाली. रोज कामाला जाते, पण नर्स म्हणून मी बुसानलाच राहिले होते. त्या दिवशी मी बोलले आणि तुम्ही लगेच ऐकलंत. माझं व्याकरण बरोबर होतं की नाही, मला माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," मयूरा म्हणाली. "माझं लक्षच नव्हतं."

"तेच तर," युनजू म्हणाली. "मला वाटलं होतं, वाक्य बरोबर झाल्याशिवाय माणसाने तोंड उघडायचं नाही. थँक यू, टीचर."

मयूरा आभार मानायला बसली होती, आणि आभार घेऊन उठली.

त्यानंतर युनजू वृद्धाश्रमात बोलू लागली. तुटक, चुकत, पण नर्स पुढच्या खोलीत जायच्या आत. जूनअखेर सिडनीबरोबर वॉलॉंगॉंगचाही लॉकडाऊन सुरू झाला आणि शिकवणी झूमवर गेली. कधीकधी पुण्याहून बाबाही त्या कॉलवर यायचे. टेलिफोन खात्यातलं त्यांचं ठणठणीत जुनं इंग्रजी आणि युनजूचं नवं इंग्रजी, दोघांची छान जमायची. पेशंट कसा बोलतो याचा सराव म्हणून बाबा पेशंट व्हायचे आणि नसलेल्या दुखण्यांच्या इतक्या तक्रारी करायचे की युनजूची पुरी दमछाक व्हायची. एकदा त्यांनी कुठूनतरी शिकून घेतलेलं "काम्साहाम्निदा" तिला ऐकवलं. कोरियनमध्ये धन्यवाद. उच्चार पार बिघडलेला होता. युनजू उठून उभी राहिली आणि कॅमेऱ्यासमोर कमरेत वाकून तिने नमस्कार केला. बाबाही गडबडीने उठले, तर पडद्यावर फक्त त्यांचा सदरा.

वर्ष संपायच्या आत बोलण्याचा पेपर सुटला. रजिस्ट्रेशनच्या बाकीच्या पायऱ्या अजून होत्या, पण त्यांची युनजूला भीती वाटत नव्हती.

सीमा उघडल्या, विमानं सुरू झाली, आणि पुढच्या मार्चमध्ये मयूरा पुण्याला गेली. बाबा विमानतळावर घ्यायला आले होते, दाढी गुळगुळीत, थोडे वाळलेले. शेजारी गाडीची किल्ली फिरवत अजित. त्याला ती पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटत होती. तिने वाकून नमस्कार केला तेव्हा तो "अहो ताई, हे काय" म्हणत चार पावलं मागे सरला.

युनजूने बाबांसाठी एक पिशवी दिली होती. त्यात समुद्री शेवाळाचे भाजलेले, खारे, कागदासारखे पातळ चौकोन होते, अंगात ताकद यावी म्हणून. बाबांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला, नाक मुरडलं. पण जिने पाठवलंय तिचा मान म्हणून ताटात एक घेतला. वरण-भाताबरोबर कुरकुर चावला.

"बरे आहेत गं हे समुद्राचे पापड," ते म्हणाले. "आणखी एक दे. आणि अजितलाही वर बोलाव, त्यालाही खाऊ दे."